बाटलीतलं रोप आणि आबांचा मुलगा

केळीच्या जनुकांवर काम करणाऱ्यांना मदत करणाऱ्या जळगावकडच्या एका संस्थेनं मला भाषणाला बोलावलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. विश्वस्त सगळे केळीवाले. अध्यक्ष ऐंशीच्या घरातले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सगळेच त्यांना आबा म्हणत होते.

मी माझ्या प्रयोगशाळेतून नेलेली, आत इवलंसं केळीचं रोप वाढवलेली बाटली त्यांनी चष्मा कपाळावर सारून पाहिली आणि कंद निवडताना चाचपावा तसं तिचं बूड चाचपलं. मग माझ्या भाषणभर डोळे मिटून बसले. झोपले, असं मी समजलो.

नंतर नव्या अध्यक्षाचा विषय निघाला. खजिनदार उठून म्हणाले, "आबांच्या मुलालाच करू. शेवटी रक्त आबांचं आहे." टाळ्या पडल्या. मुलगा हात जोडून उभाही राहिला.

आबांनी एक डोळा उघडला. "साहेब, बाटलीतलं रोप हुबेहूब आईसारखं का निघतं?"

"आईच्याच तुकड्यापासून वाढवतो, आबा. त्याला बापच नसतो."

"ऐकलं का रे? माझं पोरगं काही बाटलीतलं नाही. त्याले आई बी हाये. अन् तो सगळा मामावर गेला."

सभा खजिनदारांकडे वळून खो खो हसू लागली, तेव्हा मामा कोण ते मला कळलं.

मग निवड टाळ्यांवर न होता चिठ्ठ्यांनी मतदान झालं. माझं तासाभराचं भाषण नीट ऐकलं होतं ते फक्त त्या झोपलेल्या माणसानं.