आमच्या घरची तकसीम

माझ्या माहेरी, चुडाव्याला, वाटणीला वाटणीच म्हणत. लग्न होऊन बोरीला आले, तेव्हा सासऱ्यांच्या तोंडी ‘तकसीम’ हा शब्द ऐकला. ते निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. साध्या गोष्टीला भारी शब्द लावल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. बैलांवरून दोघा भावांचं बिनसलं. “तकसीम करू,” सासरे म्हणाले. “तकसीम म्हंजे सारखे हिस्से. चमचा बी सुटणार न्हाई.”

शेताचं मला काही नव्हतं. थोरली जाऊ, आक्का, वेगळी होणार याची धास्ती होती. माझी भाकरी अजून तव्यावर फाटायची, आणि सासूबाई नसलेल्या त्या घरात मला हसवणारी ती एकटीच होती. मी चुलीच्या धुराच्या नावाखाली पोटभर रडून घेतलं.

मटणाचे वाटे करतात तसंच भांड्याकुंड्यांचं करायचं ठरलं. एकानं ढीग लावायचे, दुसऱ्यानं पाठ फिरवून नावं घ्यायची. ढीग आक्कानं लावले. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले.

“हा कुणाचा?”

“धाकट्याचा!”

सगळं उरकल्यावर दिसलं, जात्याचा खालचा दगड आमच्या ढिगात आणि वरचा आक्काच्या. माझ्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. थोरले दीर म्हणाले, “आबा, एवढं बदलून घिऊ.”

“न्हाई! नाव घेतलं की घेतलं. तकसीम हाय, पोरखेळ न्हाई.”

दुसऱ्याच दिवशी पीठ संपलं. आक्का आपला दगड चाकासारखा लोटत आमच्या दारात घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि खुंट्याला हात घातला. तो दगड परत गेलाच नाही. सासरे कुरकुरले, तर म्हणाली, “माझा दगड हाय, मामा. ही पोरगी झिजवंल. नजर ठिवाया रोज यावंच लागतंय.” हिश्शाचा मामला, आणि नियम सासऱ्यांचाच. तिच्या त्या पहाऱ्यात मला भाकरीही जमली.

खूप वर्षांनी एका उर्दूच्या मास्तरांनी सांगितलं, तकसीम आणि किस्मत हे शब्द एकाच मुळातले. दोन्हींच्या बुडाशी वाटून देणं आहे. मला लयच भारी वाटलं. तशीच आक्काकडे गेले आणि म्हटलं, “आक्का, आपलं जातं असं वाटलं गेलं, ती किस्मतच बघा.”

आक्का ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “कशाची किस्मत? ढीग म्या लावले व्हते.”