दोनशे एक्क्याऐंशी म्हणजे पावणेतीन खून

हा किस्सा मी सांगणार नव्हतो. पण पाहुणे आले की आमची सून चहा ठेवायच्या आधीच म्हणते, "आबा, ते उसातलं सांगा की!" म्हातारा माणूस म्हणजे काय टीव्ही आहे का, बटण दाबलं की सुरू? चूक माझीच होती, हे सुरुवातीलाच कबूल करतो. म्हणजे मधेमधे कुणी बोलायचं काम नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण आकडा मला कळतो. साखर कारखान्याच्या काट्यावर ज्याचा आकडा मोठा, त्याचा माल जड. यात काय खोटं आहे? कायद्याचंही मी तसंच धरून चाललो होतो. खुनाला तीनशे दोन, फसवणुकीला चारशे वीस. म्हणजे फसवणाऱ्याला खुन्यापेक्षा जास्त शिक्षा. मला ते कायम पटत आलं होतं.

तर गेल्या गळीत हंगामात माझा एकुलता एक पोरगा, संतोष, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून लोकांचा ऊस घेऊन चालला होता. भवानीनगरच्या अलीकडं वळणावर जोरात आला आणि मागची ट्रॉली पेरूच्या गाड्याला घासली. पेरूवाला उडी मारून बाजूला झाला. पेरू मात्र वाचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी हवालदार नोटीस घेऊन दारात.

"आबा, संतोषला उद्या अकराला ठाण्यात पाठवा."

"कलम कुठलं?"

"दोनशे एक्क्याऐंशी."

कायदा बदलला एवढं मी ऐकून होतो. हवालदार गेल्यावर मी साडूला फोन लावला. किसनराव त्याचं नाव. इंदापूरच्या कोर्टात जन्मभर शिपाई होता, त्यामुळं आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत तोच वकील.

"किसनराव, खुनाला आता किती?"

"एकशे तीन. नव्या कायद्यात तीनशे दोन न्हाय ऱ्हायलं."

"आन् शिक्षा?"

"फाशी, न्हायतर जन्मठेप. ठिवू का? शेळ्यांना पाला टाकायचाय."

ठेवला. मी भिंतीला टेकून हिशेब केला. एकशे तीनला फाशी, तर दोनशे एक्क्याऐंशीला काय? पावणेतीन खून! आणि तेही पेरूपायी. एकदा फाशी दिल्यावर उरलेली पावणेदोन कुणाला देणार? मलाच की!

संतोष म्हणाला, "आबा, साधी केस हाय. जामीन ठाण्यातच मिळतोय. सही करून येतो."

"पावणेतीन खुनाला जामीन? गप उसात चल!"

पोरगा बत्तीस वर्षांचा, पण माझ्यापुढं त्याची टाप नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला पुरुषभर वाढलेल्या आडसालीच्या उसात मधोमध नेऊन बसवला. घोंगडं दिलं, पाण्याचा कॅन दिला, पिठलं-भाकरी दिली. मोबाईल काढून घेतला, कारण मोबाईलवरून माग काढतात हे मी टीव्हीत बघितलंय. हुशार माणूस सगळीकडून विचार करतो.

दहा वाजता कारखान्याचा चिटबॉय मोटरसायकलवर आला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या तोडीच्या चिठ्ठ्या त्याच्या हातात असतात.

"आबा, पेढे काढा! तुमची तोड आली!"

मागं कोयते घेऊन अख्खी टोळी. आणि फड कुठला? तोच!

"आज नको," मी म्हणालो.

"नको? दोन महिने माझ्या दारात बसून होता तुमी! आज नको म्हणालात तर नंबर शेवटाला. मंग ऊस वाळला तर मला बोलायचं न्हाय."

आता सांगा, एकीकडं पोरगा आणि दुसरीकडं तोड! मी मधला मार्ग काढला. टोळीच्या मुकादमाला म्हणालो, "कडंनं लावा. हळू तोडा. मधला ऊस ऱ्हाऊ द्या, देवाला सोडलाय."

"कुठल्या देवाला?"

"तुला काय करायचंय? तोड!"

बीडची टोळी ती, तिला हळू तोडणं माहीतच नाही. दुपारी एकपर्यंत रान भुंडं झालं आणि मधे खोलीएवढा ऊस उरला. तेवढ्यात बांधावर हवालदार.

"अकरा वाजून गेले, आबा. संतोष कुठाय?"

"बीडला गेलाय. टोळी आणायला."

हवालदारानं टोळीकडं बघितलं. "मंग ही कोण हायत?"

तेवढ्यात उसात कोणीतरी शिंकलं. हवालदार निघाला तिकडं. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो. "तितं जायचं न्हाय, सायेब! साप हाय!"

"साप शिंकतोय व्हय?"

आम्ही भांडतोय तोवर टोळीतल्या एका बाईनं कोयता चालवला आणि ओरडली, "अगं बया! हितं माणूस उगवलाय!"

संतोष घोंगड्यावरनं उठला, पाचट झटकलं आणि म्हणाला, "नमस्कार, सायेब."

हवालदारानं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग मला बांधावर बसवून विचारलं, "आबा, तुमच्या या रानाचा गट नंबर किती?"

"आठशे बारा."

"आन् रान किती?"

"वीस गुंठे."

"कलमाचं बी तसंच. नंबर नुसता वळखायला. शिक्षा किती, जामीन हाय का न्हाय, ते येगळं लिवल्यालं असतंय. खुनाला जामीन सोपा न्हाय. भरधाव गाडीला जास्तीत जास्त सहा म्हैने न्हायतर हजार रुपये दंड, आन् जामीन हक्काचा. दारू पिऊन चौकात धिंगाणा घातला तर तीनशे पंचावन्न. शिक्षा, चोवीस तास! कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. आणि कळलंही होतं. अगदी लख्ख.

"आता तुमचं. सरकारी मानसाला आडवा झालात. दोनशे एकवीस लावू का?"

मी पटकन हात जोडले. म्हणालो, "लावा, सायेब. पोरापेक्षा साठनं हलकंच हाय."

हवालदारानं टोपी काढली आणि डोकं धरून बसला. मग मला काही न लावता संतोषला घेऊन गेला. तासाभरात सही करून पोरगा घरी. पेरूवाल्याला भरपाई दिली, हवालदाराला मी स्वतः जाऊन हात जोडले, मुकादमाचीही माफी मागितली. माझ्याकडून सगळं फिटलं.

पण भल्या सकाळी सख्खा साडू खुनाची शिक्षा विचारतोय, तर "कुणाचा केलास?" एवढं तरी माणसानं विचारायला नको? शेळ्या पळून चालल्या होत्या का? आता त्या किसनरावानं माझी माफी मागायची तेवढी राहिलीय.