पान उलटायची जागा

दुसरीच्या बाईंना मुलं त्यांच्या माघारी ‘घंटाबाई’ म्हणत. घंटा एकदा चुकेल, पण बाई वर्गात आल्या नाहीत असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं. बरोबरीच्या शिक्षिका चौथीला गेल्या, एक तर दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका झाली, पण या म्हणायच्या, “मला आपली दुसरीच द्या. पोरं वाचायला लागतात ते वर्ष मला हवं असतं.” आता निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि बाईंना एकाच गोष्टीचा गर्व होता. तो त्या लपवतही नसत. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्या ऐकवत, “माझ्या वर्गातून न वाचता एकही मूल वर गेलेलं नाही.”

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. नवा धडा आधी त्या स्वतः दोनदा वाचत. वाचत म्हणजे काय, रंगवत! म्हाताऱ्याचा आवाज निराळा, पोराचा निराळा, भीतीच्या जागी श्वास रोखून. शिपाईमामा झाडू हातात धरून दाराशी थबकायचे. मग मुलांनी पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायचा, खिडकीकडच्या बाकापासून भिंतीपर्यंत.

या वाचनात सगळ्यांवर ताण करणारी एक मुलगी होती. खणखणीत आवाजामुळे वर्गात तिचं नाव पडलं होतं ‘रेडिओ’. तिची आई कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात काम करायची आणि वीस वर्षांपूर्वी तीही याच बाईंच्या हाताखाली होती. शाळेत पाहुणे आले की तेव्हा आईला उभं करत, आता मुलीला. “रक्तातच आहे वाचन,” बाई कौतुकाने म्हणायच्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाचनाचा तक्ता मोठ्या सरांकडे द्यायचा होता. ज्याच्या नावापुढे ‘वाचता येते’ तो तिसरीत जाणार. ज्याला येत नाही त्याच्यासाठी सुट्टीत वेगळा वर्ग. तक्ता भरून तयार होता. बत्तीस नावं, बत्तीसही जणांना ‘वाचता येते’. तिसरीचे सर मुलांना काही वाचून दाखवत नाहीत, फळ्यावर लिहितात आणि उतरवून घ्या म्हणतात. तिथे ज्याला वाचता येत नाही तो बुडालाच, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या तासाला कासवाचा धडा होता. बाईंनी दोनदा वाचला. आपलं पुस्तक टेबलावर ठेवून त्या बाकांमधून फिरू लागल्या, कारण मागे दोघांची खोडरबरावरून मारामारी जुंपली होती. भांडण मिटवून वळतात तर रेडिओची पाळी आलेली. बाई तिच्या पाठीमागेच उभ्या होत्या.

“कासव विहिरीच्या काठावर आलं,” रेडिओने सुरुवात केली. “त्याने खाली वाकून पाहिलं आणि...”

ती थांबली. एक श्वास. मग, “...पाणी त्याच्याकडे बघून हसलं!”

सुरेख. बाईंनी मान डोलावली आणि सहज तिच्या पुस्तकात पाहिलं. पानावर बसचं चित्र होतं. लाल बस, तिकिटाची रांग, खिडकीतून हात हलवणारी आजी.

कासव कुठेच नव्हतं.

बाईंना आधी वाटलं आपला चष्मा बिघडला. त्यांनी वाकून पाहिलं. बसच. पोरीचं बोट बसच्या धड्यावरून ओळीओळीने सरकत होतं आणि तोंडातून कासव बाहेर पडत होतं, स्वल्पविरामांसकट. रोज पान काढून देणारी तिची बाकावरची मैत्रीण आज तापाने घरी होती.

आणि ते थांबणं? ते कशाचं, हे बाईंना दुसऱ्याच क्षणी कळलं. त्यांचं स्वतःचं पुस्तक जुन्या छपाईचं होतं. त्यात ‘पाहिलं आणि’पाशी पान संपतं. बाई तिथे पान उलटायला थांबत. मुलांच्या नव्या पुस्तकात ते वाक्य पानाच्या मधोमध होतं.

“बस खाली,” त्या म्हणाल्या.

“चुकलं का, बाई?”

“नाही. एक अक्षरही चुकलं नाही.”

मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाही नाही. कागद कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर नवी, कुठल्याही पुस्तकात नसलेली वाक्यं लिहिली. चित्रकलेच्या तासाला मुलं घर आणि झाड काढत असताना एकेकाला टेबलाशी बोलावलं आणि हळू आवाजात वाचायला सांगितलं. पहिल्या सहा जणांनी धडाधड वाचलं. बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सातव्याने चिठ्ठी उलटसुलट केली आणि भाबडेपणाने म्हणाला,

“बाई, तुम्ही आधी वाचा ना. मग मी वाचतो.”

पुढे एकीच्या पोटात दुखू लागलं. एकाने पहिलं अक्षर ओळखून बाकीचं वाक्य मनाने रचलं, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या वाक्यापेक्षा ते बरं होतं. रेडिओ नुसती चिठ्ठीकडे बघत राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. एकूण नऊ जण निघाले. बत्तिसांतले नऊ!

शाळा सुटली तेव्हा शिपाईमामा दारात आले. “बाई, सर तक्ता मागतायत.”

“सरांना सांगा, तक्ता खोटा आहे. खरा करून आणते.”

“असंच सांगू?”

“मग काय गाण्यात सांगणार?”

मामा पाय न वाजवता निघून गेले. एकतीस वर्षांत बाई त्यांच्यावर खेकसल्या नव्हत्या.

रेडिओला न्यायला तिची आई आली होती. केसांना इस्त्रीच्या वाफेचा ओलावा, कपाळावर बट चिकटलेली. बाईंनी तिला आत बोलावून दार लोटलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आईला धक्का बसेल, ती रडेल, पोरीला फटका देईल, तो आपण अडवू, अशी सगळी तयारी बाईंनी मनात केली होती.

आई शांतपणे म्हणाली, “माहितीय मला.”

“माहितीय? आणि तू मला बोलली नाहीस?”

“काय बोलणार, बाई? मीही असंच करायचे.”

बाई खुर्चीत बसल्या.

“तू? अगं, तू तर पाहुण्यांसमोर...”

“तुम्ही दोनदा वाचायच्या ना, तेवढं मला बास व्हायचं. आपल्या आधी किती जण आहेत ते मोजायचं आणि आपला तुकडा नीट कान देऊन ऐकायचा. हिलाही मीच शिकवलंय ते.” आईच्या बोलण्यात किंचित अभिमानसुद्धा होता, आणि तोच बाईंना जास्त लागला. “चौथीनंतर सोडली शाळा. तुम्ही इतकं छान वाचायच्या की, बाई, पुस्तकात बघायची गरजच पडायची नाही.”

“आणि दुकानात? कपडे कुणाचे ते कसं ओळखतेस?”

“रंगीत दोरा बांधते. डॉक्टरांच्या घरचा हिरवा, शिंप्याचा पिवळा. आजवर एक सदरा इकडचा तिकडे गेला नाही.” मग तिने बाईंचा हातच धरला. “तिला मागे ठेवू नका, बाई. बाकीची पोरं चिडवतील. माझं निभावलं, तिचंही निभावेल.”

“मी घरी पाठवते त्या चिठ्ठ्या?”

“शेजारच्या काकू वाचून देतात.”

“आणि काकू घरी नसल्या तर?”

आईने हात सोडला. “मागे हिला ताप होता,” ती म्हणाली. “घरात औषधाच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही सारख्याच. काकू गावाला गेलेल्या. मी दोन्ही हातात घेऊन दारात उभी राहिले, कुणीतरी जाईल म्हणून. भरदुपारी. पाऊण तास कुणी गेलं नाही.”

रेडिओ फळ्याशी उभी राहून आईकडे बघत होती. हे तिने कधी ऐकलं नसावं.

बाईंनी तक्ता पुढे ओढला. रेडिओच्या नावापुढच्या ‘वाचता येते’वर आडवी रेघ मारताना पेन अडखळलं, पण मारली. शेजारी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. मग उरलेल्या आठांच्या नावांपुढेही.

“काय लिहिलंत?” आईने विचारलं.

बाईंनी सवयीने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला.

आई वाकली. ओठ हलले, थांबले. मग इस्त्रीने चटका बसलेलं तिचं बोट शेवटच्या शब्दावर टेकलं.

“हे ‘नाही’ आहे,” ती म्हणाली. “हे ओळखते मी. सगळ्या कागदांवर असतंच.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारचा छोटा बाक पायाने पुढे सरकवला. “बस. आता त्याच्या आधीचं.”