गेटच्या आतला नंबर

मी लिहिलेला एक प्रोग्राम अजूनही जगात कुणालाही फुकट मिळतो. परवा कुठल्याशा देशातल्या माणसाने त्यात एक बारीक दुरुस्ती सुचवली आणि खाली लिहिलं की फार उपयोग झाला, आभारी आहे. मी उत्तर दिलं नाही. त्या प्रोग्रामचं नाव नुसतं दिसलं तरी माझं डोकं फिरतं.

आमचं गाव माजलगावच्या बाजूचं. धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस आला तशी तोडीची वाट बघणं आलं. ऊस लावला की कारखान्यात नोंद करायची आणि लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडीचा नंबर यायचा. हा कागदावरचा नियम. खरी रीत वेगळी होती. पौषात ज्वारी हुरड्याला आली की कारखान्याच्या शेतकी खात्याच्या लोकांना शेतात बोलवायचं. आगटी पेटवायची, कोवळी कणसं भाजायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. तोडीबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढत नसे. हुरडा खाऊन मंडळी गाडीत बसली की अण्णा, म्हणजे माझे वडील, फक्त म्हणायचे, "ध्यान असू द्या." एवढ्यावर आमचा ऊस वेळेत जायचा. ज्याचा हुरडा नाही, त्याच्या उसाला तुरा येऊन कांडी आतून पोकळ व्हायची, तरी तोडणीची टोळी फिरकत नसे.

मला त्या हुरड्याची लाज वाटायची. हुरडा गोड लागायचा, ते वेगळं.

शाळेपासूनचा माझा मित्र त्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. मी पुण्यात नोकरीला. एका दिवाळीत तो म्हणाला, "आमच्याकडचा नोंदीचा प्रोग्राम लई जुना झालाय बे. ज्यानं लिहिला त्याचा पत्ता न्हाई. हात लावला की बंद पडतोय. कायतरी कर की." मी एका पायावर तयार झालो.

जुन्याला हात लावायचाच नाही, असं मी ठरवलं. त्याच्यापुढे एक मधला प्रोग्राम बसवायचा. सोयरीक जुळवताना दोन घरांमध्ये निरोप नेणारा माणूस असतो, तसा हा. शेतकरी फोनवर विचारणार, माझा नंबर किती? मधला तो प्रश्न आत जुन्या प्रोग्रामकडे नेणार आणि आलेलं उत्तर फोनवर आणून दाखवणार. पुढे जसजसे नवे भाग तयार होतील तसतसे तो जुन्याऐवजी नव्याकडे जाणार, आणि बाहेरच्याला काही कळणारही नाही. हे सगळं मी इंटरनेटवर उघड्यावर लिहिलं. ज्याला पाहिजे त्याने आत डोकावून बघावं, पाहिजे तर उचलून न्यावं. उघड्यावर लपवाछपवी होत नाही, असं मी तेव्हा छाती फुगवून सांगायचो.

मग मित्राचा फोन आला. "जुना प्रोग्राम बंद पडला की फोनवर कोरं पान येतंय. लोकं घाबरत्यात. तेवढ्यापुरती आदीची ठिवलेली नक्कल दाखवता येती का?" मला ते पटलं. पोटतिडकीने बोलत होता बिचारा. मी ती सोय करून दिली. पुढे बाहेरच्या लोकांनी वाखाणली ती हीच सोय.

त्या वर्षी मी मारुतीच्या पारावर उभा राहून सगळ्या गावाला फोनवर नंबर कसा बघायचा ते शिकवलं. म्हणालो, औंदा हापिसात खेटे घालायचे न्हाईत. हुरड्याला कुणाला बोलवायचं न्हाई. नंबर तारखेनं लागंल, माझा शब्द हाय. अण्णा कधी नाही ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

आमच्या बांधाला बांध लागून तात्यांचं शेत. नात्याने कुणी नाहीत, पण अण्णांचे सख्ख्या भावासारखे. आमचा ऊस त्यांच्याच बेण्याचा, त्यांच्या मागोमाग लावलेला. त्यामुळे आधी तात्यांचा नंबर आणि त्याच्या पाठीवर आमचा. दोघं रोज सकाळी बांधावर उभे राहून फोन काढायचे, नंबर थोडा खाली आला की खूश व्हायचे, आणि आमच्या आईच्या हातचा चहा प्यायचे. हुरड्याचे दिवस असेच गेले. त्या वर्षी आगटीला आम्ही घरचे आणि तात्या एवढेच होतो.

शिमगा जवळ आला तरी तोड येईना. उसाला तुरे आले. मी रजा टाकून गावी आलो. सकाळी बांधावर बघितलं तर अण्णांचा नंबर नऊ. मग अडलंय कुठे, हे विचारायला कारखान्यात गेलो.

मित्राच्या खोलीत पत्र्याखाली फोनला रेंज नव्हती, म्हणून तिथल्या वायफायवर तेच पान उघडलं. नंबर दोनशेच्या वर. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पान उघडलं. पण नाव अण्णांचंच, गट नंबरही आमचाच. मी उठून गेटबाहेर चहाच्या टपरीवर गेलो, वायफाय बंद करून बघितलं. नऊ. परत आत आलो. दोनशेच्या वर.

मीच लिहिलेलं होतं, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. हापिसातला प्रश्न खऱ्या प्रोग्रामकडे जात होता. गेटबाहेरून आलेला प्रश्न मधल्या प्रोग्राममध्येच अडवून त्याला ठेवलेली नक्कल दाखवली जात होती. नक्कल तारखेप्रमाणे अगदी नीट लावलेली, आणि मित्र ती अधूनमधून हाताने पुढे सरकवत होता. माझा प्रोग्राम उघडा होता, पण तो कारखान्यात कसा बसवला ते कुणालाच दिसत नव्हतं. मलासुद्धा.

"हे काय बे?" मी फोन त्याच्यासमोर धरला.

त्याने उठून दार लावलं. "बस. च्या सांगतो."

"च्या नको. आत कुणाचे नंबर लागलेत?"

"ज्यांचे दरसाली लागत्यात त्यांचे. ते कदी बदललंय का? पुढाऱ्यांचे फोन येत्यात, मला हितं नोकरी करायचीय." मग तो जवळजवळ लाडाने म्हणाला, "मागच्या साली गेटवर दगडं पडली व्हती. औंदा एक मानूस आला न्हाई. फोन बघून निवांत हायत सगळे. साहेब लई खूश हायत. तुझंच नाव सांगितलंय मी."

लहानपणी एका ताटात जेवलो होतो आम्ही. कोऱ्या पानाला लोक घाबरतात म्हणून गयावया करणारा हाच, आणि त्या दिवशीही हे सगळं त्याच्या डोक्यात असणार.

"कावून केलंस असं?"

"मी काय केलं? सोय तूच दिलतीस. मी नुसती चालू ठिवली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णांचं आदी सांगायचं न्हाई का? उद्याच टोळी लावतो."

"नको. रांगेनं लाव."

"रांग कुटं हाय बे?" तो हसला.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. सकाळी पारावर जाऊन गावाला खरं सांगायचं, असं ठरवून मी पडलो. सकाळी पायात चपला घालतोय, तोवर टोळी आमच्या उसात शिरली होती.

मी धावत शेतात गेलो. "अण्णा, परत पाठवा त्यांना."

"तुरा आलाय," अण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "आज परत गेली तर पुन्ना यायची न्हाई. तू जाशील पुण्याला." आणि ते टोळीला प्यायच्या पाण्याची जागा दाखवायला निघून गेले.

तात्या बांधावर उभे होते. हातात फोन. रोजच्यासारखे नंबर बघायलाच आले होते.

"तात्या," मी म्हणालो, "फोनवरचा नंबर खोटा हाय. आपल्या सगळ्यांना फसवलंय."

त्यांनी आमच्या उसाकडे बघितलं. कोयते सपासप चालले होते.

"तुला कदी कळलं?"

"काल."

"काल कळलं, आन आज टोळी तुमच्यात." त्यांनी फोन बंडीच्या खिशात घातला. चिडले असते तर बरं झालं असतं. तोच माणूस, पण आवाज अगदी परक्याशी बोलावा तसा होता.

"हुरडा केलता का तुमी?" त्यांनी विचारलं. "मला न सांगता?"