मनांग साल्विंगने बांधलेलं खोकं

आमच्या बेटावरच्या विमानतळावर तपासणीचे दोन पट्टे आहेत. एकावर मी आणि मनांग साल्विंग असतो, दुसऱ्यावर कुणीही असो. लोक तो दुसरा पट्टा रिकामा सोडून आमच्या रांगेत उभे राहतात आणि वर कुरकुरतात की रांग मोठी आहे. कुरकुरू देत. मनांगच्या हाताखालून गेलेल्या माणसाचं विमान एकोणीस वर्षांत चुकलेलं नाही, हे सगळ्या पनाय बेटाला ठाऊक आहे.

मनांग म्हणजे थोरली बहीण. तिचं पूर्ण नाव साल्वासियोन पाल्मारेस, पण त्या नावाने तिला फक्त पाद्रीच हाक मारतो. ती इथे आली ती संडास धुवायला. फरशी पुसता पुसता काचेतून आमच्या एक्स-रेच्या पडद्याकडे बघायची. निळं म्हणजे धातू, नारिंगी म्हणजे खाण्यापिण्याचं, कापडाचं, कागदाचं, आणि काळं म्हणजे आरपार काहीच दिसत नाही, हे ती तिथेच शिकली. तपासनिसाची परीक्षा तिने तीनदा दिली. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पहिली आली. त्याच परीक्षेत मी, एलिसेओ, अकरावा होतो, म्हणून ही हकीकत मी सहसा सांगत नाही.

आता मी पडद्यापुढे बसतो आणि ती पट्ट्याच्या तोंडाशी उभी असते. "लॅपटॉप बाहेर, टॅब बाहेर, पॉवर बँक बाहेर! घाबरू नका, परत मिळतं सगळं!" हे ती दिवसातून हजारदा म्हणत असेल, पण दर वेळी समोरच्याला वाटतं की हे खास आपल्यालाच सांगितलं. डोंगरातून आलेला एक म्हातारा एकदा गाण्याचा माइक छातीशी धरून उभा होता, सोडेचना. मुलीच्या लग्नात गायला चालला होता. मनांग त्याला म्हणाली, "आजोबा, हा ट्रेमध्ये एकटा झोपू द्या. पलीकडे पोचेपर्यंत मी त्याला हात लावू देणार नाही कुणाला." म्हाताऱ्याने माइक ठेवला आणि खिशातून तिच्यासाठी एक केळं काढलं.

लॅपटॉप वेगळाच का ठेवायचा, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मासे वाळत घालताना एकावर एक घालता का? मग? सुटे ठेवले की एलिसेओला तार न् तार दिसते. एकावर एक रचलेत तर त्याला काळा गोळा दिसतो, आणि तो आधीच अर्धा आंधळा आहे." लोक हसतात आणि लॅपटॉप काढतात. हसतात ते मला, पण काम होतं.

आमच्या लोकांची एक खोड मात्र तिलाही मोडता आली नाही. आमच्याकडे दूर जाणाऱ्याच्या खोक्याला चिकटपट्टी गुंडाळतात ती गरजेपुरती नाही, मायेपुरती. उभी गुंडाळायची, आडवी गुंडाळायची, कोपऱ्यांवर गुंडाळायची, पुठ्ठा दिसेनासा झाला की त्यावर सहाही बाजूंनी नाव लिहायचं. ज्याच्या खोक्यावर पट्टी कमी, त्याच्या घरात कुणाला त्याची पडलेली नाही असं समजायचं. अशी खोकी आली की मनांग कपाळाला हात लावायची. "देवा, ह्या आयांना कुणी तरी आवरा," म्हणायची.

त्या सोमवारी दहा वाजून आठ मिनिटांनी तिची स्वतःची लेक आमच्या रांगेत धापा टाकत आली. आर्लिन. वाटेत मावशीने चर्चमध्ये मेणबत्ती लावायला थांबवलं होतं. मनिलाच्या विमानाचं दार साडेदहाला बंद होणार होतं. संध्याकाळी मनिलाहून सिंगापूर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेलवाहू जहाजावर हजर व्हायचं होतं, चौथी इंजिनीअर म्हणून. ह्या नेमणुकीसाठी पोरीने दोन वर्षं एजन्सीचे उंबरे झिजवले होते. इंजिनाच्या खोलीत बाई नको म्हणणारे कप्तान अजून आहेत. ही वेळेवर पोचली नाही तर जायला एक राखीव पुरुष बॅग भरून मनिलात बसलेला होता.

तिच्या हातात खोकं होतं. पुठ्ठ्याचा कणही दिसत नव्हता, आणि सहाही बाजूंनी मनांगच्या अक्षरात लिहिलं होतं: आर्लिन पाल्मारेस.

मी पट्टा चालवला. पडद्यावर काळा गोळा आला. कडेने निळं दिसत होतं, वर नारिंगी, मधे ठार काळं.

"मनांग," मी म्हणालो, "ह्यात लॅपटॉप आहे?"

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक," ती हळूच म्हणाली. "वर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. चोरीला जाऊ नये म्हणून सगळं तळाशी घातलं."

"मी पहाटे विचारलं होतं तुला!" आर्लिन उसळली. "आई, हे उघडायचं कसं, म्हणून! तर म्हणे जहाजावर गेल्यावर उघड!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या कुठल्या दिवशी असतं तर मी महिनाभर चिडवलं असतं. पण घड्याळ दहा अकरा दाखवत होतं. माझ्या अंगठ्याखाली बटण होतं. एकदा दाबलं की खोकं पलीकडे, पोर विमानात. ह्या पोरीला मी शाळेच्या गणवेशात पाहिलेली, तिच्या खोक्यात बाँब असेल तर माझ्याही डब्यात असेल.

"जाऊ दे गं," मी खालच्या आवाजात म्हणालो. "आर्लिन आहे."

"पडद्यावर आर्लिन दिसते का तुला?"

"नाही."

"काय दिसतं?"

"काळं."

"मग उघडायचं. तोतो, त्या बटणावरचा हात काढ."

तोतो म्हणजे धाकटा भाऊ. ती मला असं म्हणते तेव्हा वाद संपलेला असतो.

कात्री नव्हती. म्हणजे होत्या, प्रवाशांकडून घेतलेल्या वीसेक, पण त्या पेटीला कुलूप आणि किल्ली साहेबांकडे, आणि साहेब खाली सामानाच्या कक्षात. मागून एक जाडजूड गृहस्थ ओरडले, "ओ बाई, एका खोक्यासाठी सगळी रांग अडवणार का? आम्हालाही विमानं आहेत!"

"तुमचं बाराचं आहे साहेब, मी पास पाहिलाय," मनांग मान वर न करता म्हणाली.

आर्लिन दातांनी पट्टी ओढत होती. पट्टी तुटायची, टोक मात्र सापडेना. आमच्या बायका टोक असं दाबून बसवतात की चोराला नखही लावता येऊ नये. मनांगने तिला बाजूला केलं, खोकं उलटं केलं, डोळे मिटले आणि डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. पहाटे चारला तिने ते टोक ह्याच हाताने दडवलं होतं. सापडलं. मग जी सोलायला लागली! पहिला थर, दुसरा, तिसरा. पट्टीचा ढीग तिच्या बुटांवर चढला. आठ मिनिटं गेली. आर्लिन रडकुंडीला आली होती. "चुकलं माझं विमान," म्हणाली. "तुझ्यामुळे चुकलं."

"चुकलं तर माझ्यामुळेच चुकेल," मनांग म्हणाली, "पण न बघता नाही जाणार."

मला तेव्हा तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं सगळं जग करतं. हिलाच काय झालं होतं?

लॅपटॉप एका ट्रेमध्ये, टॅब दुसऱ्यात, पॉवर बँक तिसऱ्यात. पॉवर बँकेवरचा आकडा तिने चष्मा लावून वाचला, नियमात होता. मग बिस्किटांचा डबा. त्यात बिस्कोचो, म्हणजे आमचे कडक भाजलेले गोड पाव, आणि बिस्कोचोच्या पोटात पुरलेली जवळ्याच्या खारवलेल्या चटणीची भली मोठी बरणी.

"ही कुणी घातली?" मनांगने सवयीने विचारलं.

"तूच!" आर्लिन आणि मी एकदमच म्हणालो.

"पातळ आहे, नाही जाणार," ती म्हणाली. रात्रभर जागून केलेली चटणी तिने स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी सगळं पुन्हा घेतलं. लॅपटॉप स्वच्छ, टॅब स्वच्छ, तार न् तार मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. दहा सव्वीस. खोकं आता भंगार झालं होतं. मनांगने आपली जेवणाची पिशवी उलटी केली, भाताचा डबा माझ्या टेबलावर आपटला आणि सगळं त्या पिशवीत भरून पोरीच्या खांद्याला अडकवलं. "पळ!"

आर्लिन चार पावलं पळाली आणि परत फिरली.

"वेळ नाही गं!" मनांग ओरडली, पण हातमोजा तिने आधीच ओढून काढला होता. पोरीने तिचा हात धरून कपाळाला लावला, आमच्याकडे थोरांचा आशीर्वाद घेतात तसा, आणि मग मात्र अशी धावली की बूट वाजताना दारापर्यंत ऐकू आले.

मनांग नवा हातमोजा चढवत होती. बोटं आत जाईनात. मी वॉकीटॉकी कानाला लावून बसलो. पट्टा बंदच ठेवला. दहा एकोणतीसला फाटकावरून आवाज आला: "शेवटची प्रवासी आत. पाल्मारेस. दार बंद करतोय."

मी अंगठा वर करून दाखवला. मनांग वळली. पुढे ते जाडजूड गृहस्थ उभे होते, लॅपटॉप स्वतःहून हातात काढून.

"मुलगी का तुमची?" त्यांनी विचारलं. "मग बाई, तिला तरी तशी सोडायची!"

"साहेब, त्या विमानात बाकीच्यांचीही मुलं आहेत," ती म्हणाली. त्यांचा लॅपटॉप तिने दोन्ही हातांनी ट्रेमध्ये ठेवला, पण ट्रे पुढे ढकलला नाही. "जहाजावर इंजिनीअर आहे. चौथी इंजिनीअर. अख्ख्या जहाजावर एकटी बाई."

एकोणीस वर्षांत तिने प्रवाशाला घरचं काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. गृहस्थांनी विचारलं, कुठलं जहाज? तिने सांगितलं. त्यांच्या मागच्या नन बाईंनी काहीच विचारलं नाही, त्यांनाही सांगितलं. मग त्यांच्या मागच्या जोडप्याला, मग टॅब हातात घेऊन उभ्या असलेल्या शाळामास्तरांना, इंजिनाची खोली किती खोल असते आणि तिथे किती उकडतं, सगळं. त्या दिवशी आमची रांग थेट बाहेरच्या दारापर्यंत गेली, आणि मी तिला एकदाही 'आटप' म्हणालो नाही.