फणसाची फांदी

न्हाणीच्या चुलीत फणसाची फांदी जळते आहे. तिच्या कापल्या टोकाला अजून फेस येतो. वादळात झाड पडलं. खोड वखारीत गेलं, फांद्या घरी राहिल्या. माझ्या वडिलांची, आप्पांची, नजर गेली आहे, पाय उचलत नाहीत. त्यांना आम्ही हे सांगितलेलंच नाही. झाड त्यांनीच लावलेलं.

ऊर्जा नष्ट होत नाही, नुसतं रूप बदलते, असं शाळेत घोकलं होतं. कितीतरी उन्हाळ्यांचं ऊन पानांनी पिऊन त्याचं लाकूड केलं. आता घटकाभरात त्याचा जाळ होतो, पाणी तापतं, उरलेली धग कौलांतून निघून जाते. काहीच हरवत नाही म्हणे. पण या हंडाभर पाण्यातून मला एक पान तरी परत करता येईल?

आप्पांना स्टुलावर बसवून मी पाठीवर तांब्या ओततो.

“आज पाणी छान तापलंय रे,” ते सुखावतात. मग रोजचाच प्रश्न, “फणस धरलाय का यंदा?”

“धरलाय, आप्पा.”

“एकदा मला ने तिथवर. हात लावीन म्हणतो झाडाला.”

आणि ते ओला तळवा पुढे करतात. दुसरा तांब्या मी त्या तळव्यावर ओततो.