अर्धी राहिलेली खबर

मी आयुष्यात एकदाच माणसाला काहीतरी फेकून मारलं आहे. स्टीलचा जग होता, पाण्याने भरलेला, आणि समोर आमच्या रेडिओ स्टेशनचा मॅनेजर होता. जग त्याच्या खांद्याला लागला. डोक्याला लागायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं एफएम स्टेशन होतं. तिथं मी आणि दादा मिळून अहिराणी कार्यक्रम करायचो; माइकवर दादा, मजकूर लिहायला मी. दादा, सगळेच त्यांना दादा म्हणायचे, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मी सटाण्याकडची. "राम राम मंडई", म्हणजे मंडळी, असं ते म्हणाले की सिडकोतल्या स्वयंपाकघरांपासून पंचवटीच्या भाजीबाजारापर्यंत रेडिओचे आवाज वाढायचे. खानदेशातून, बागलाणातून पोटासाठी आलेली ही माणसं कंपनीत जपून मराठी बोलायची आणि साहेबाशी तोडकंमोडकं हिंदी. शहरात कुणीतरी आपल्यासारखं, लाज न बाळगता बोलतंय याचं त्यांना भारी अप्रूप होतं. बियाणेवाले, बोअरवेलवाले, मंगल कार्यालयवाले जाहिराती घेऊन जिना चढायचे. मालक आम्हाला स्वतः चहा विचारायचा.

मग मालकाने स्टेशन विकलं. नवीन कंपनी बाहेरची, तिचा मॅनेजरही बाहेरचा. आमचा रोजचा तास अर्ध्यावर आला आणि पुढे फक्त रविवार सकाळ उरली. मधूनमधून हिंदी गाणी घुसली. तेही आम्ही सोसलं. पण मॅनेजरने एक दिवस निधनाच्या खबरी बंद करायला सांगितल्या. "मॅडम, संडे को डेथ नहीं चाहिए," म्हणाला. जसं काही लोक त्याच्या सोयीने मरणार होते.

त्याला कळत नव्हतं की आमच्या कार्यक्रमाचा जीव त्या खबरींतच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मेलेला माणूस आमचे लोक खरा धरत नसत, कारण एका ग्रुपवर चांगल्या हिंडत्याफिरत्या आजोबांना श्रद्धांजली वाहून झाली होती. दादांनी रेडिओवर सांगितलं, की मगच तो माणूस खरा गेला. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी आडनाव, म्हणजे त्या घरांतले कान टवकारतील. मग काय झालं ते. मग गाव आणि शेवटी नाव. ऐकणारे गावाचं नाव येईपर्यंत श्वास धरून बसायचे.

तो श्रावणातला कानबाईचा रविवार होता. आमच्याकडे त्या दिवशी नारळाला नथ-दागिने घालून कानबाई बसवतात आणि घरातल्या पुरुषागणिक गहू मोजून, दळून रोट करतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. भाऊबंदकीत कुणी गेलं तर सुतक लागतं आणि रोट जागच्या जागी थांबवावा लागतो. सुतकात कुणी तो खाल्ला, तर त्यासारखा दोष नाही असं आमची माणसं मानतात.

गाणं चालू असताना दादांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन उलटा ठेवला.

"मना मोठा भाऊ गया," ते मला म्हणाले. "सिडकोमा आमनं सारं भाऊबंद रोटले बसेल शे. सांगनं पडी."

रडायलासुद्धा थांबले नाहीत. माइक ओढला, आपलं आडनाव घेतलं आणि म्हणाले, "भाऊबंदस्ले सांगनं शे, आपला आबा गयात."

एवढ्यात काचेपलीकडून मॅनेजरने बटण खाली ओढलं. माइकचा लाल दिवा विझला आणि लग्नाचं हिंदी गाणं सुरू झालं. दादा विझलेल्या माइकमध्ये गावाचं नाव सांगत राहिले. तेव्हा मी जग उचलला आणि त्याच्या खोलीच्या दारातून फेकला. मॅनेजर खांदा चोळत, मला शिव्या देत, त्या खोलीला कुलूप घालून लिफ्टने खाली गेला आणि गाडी काढून निघून गेला.

दादांच्या आडनावाची घरं सिडकोत गल्लोगल्ली आहेत, गावं वेगळी, कुळं वेगळी, आणि प्रत्येक कुळात एक तरी आबा. सगळीकडे हाहाकार उडाला. भिजवलेली कणीक बायकांनी गाईंपुढे टाकली. एका घरातला आबा गावाकडे दवाखान्यात अत्यवस्थ होता. त्याच्या बायकोने रेडिओवर आडनाव ऐकलं, "गयात" ऐकलं, आणि पुढचं काही न ऐकता दोन्ही हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या. काचा मनगटात घुसल्या. तासाभराने गावाहून फोन आला, नवरा जिवंत होता.

तिचा मुलगा जमाव घेऊन स्टेशनवर आला. त्यांनी दार तोडलं. मधली काच खुर्चीने फोडली, कॉम्प्युटर जिन्यावरून खाली फेकला. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले, त्याने मला भिंतीवर भिरकावलं. दादा उठून उभे राहिले, हात जोडले, तोंड उघडलं.

"मना बाप जित्ता शे," तो मुलगा म्हणाला, "आन मनी मायन्या बांगड्या फुट्यात."

आणि त्याने माइकचा लोखंडी स्टँड दादांच्या तोंडावर मारला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी ओरडत होते की ती खबर ह्यांच्याच भावाची होती, पण माझा आवाज ओळखतंय कोण? लोकांना खबर देणारा आवाज माहीत होता, बटण ओढणारा हात नाही. म्हणून त्यांनी आवाजालाच मारलं.

पुढच्या रविवारी आमच्या जागी दुसराच कार्यक्रम लागला. मॅनेजर आजही कुठल्यातरी स्टेशनवर असेल. त्याला कुणी बोटही लावलं नाही, आणि या गोष्टीने माझं रक्त अजून उकळतं. दादांना भावाच्या मातीला जाता आलं नाही. जबडा तारांनी बांधलेला, तोंड उघडायचं नाही, डॉक्टरांनी रडायलाही मनाई केलेली.

एका दुपारी वॉर्डात एक म्हातारी आली. दोन्ही मनगटांना पट्ट्या, पट्ट्यांच्या वर नव्या हिरव्या बांगड्या. मी ओळखलं आणि पलंगासमोर आडवी उभी राहिले.

"मना पोऱ्यानी मारं यास्ले," ती म्हणाली. "पन त्या दिन खरं कोन गयं, व माय?"

"यास्ना मोठा भाऊ," मी म्हणाले. तिने गाव विचारलं, नाव विचारलं. मी सांगितलं.

ती दादांच्या पायथ्याशी खाली बसली, पदर तोंडावर घेतला, आणि मयताच्या दारावर आलेल्या बाईने रडावं तशी गळा काढून रडायला लागली. "कथा गया रे मना भाऊ," कुठे गेलास असं विचारत तिने आडनाव घेतलं, गाव घेतलं, नाव घेतलं. नर्स धावत आली. मी तिला हाताने अडवलं. दादांचा बांधलेला जबडा हलला नाही, डोळ्यांतून मात्र पाणी उशीवर गळत होतं. त्यांची खबर वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जात होती, आणि या वेळी ती कुणीही मधे तोडली नाही.